दुःखाची नावे



वारकरी बंधुभगिनींनो, गेल्या चातुर्मासातली गोष्ट आहे. आमच्या इस्लापुरात संध्याकाळचा हरिपाठ आटोपला होता. टाळ खुंटीला लागले, वीणा जागेवर ठेवली गेली. बाहेर पावसाची झड लागलेली, म्हणून मंडळी घरी जायच्या घाईत नव्हती. इतक्यात आमच्यातल्या एकाची नात वही घेऊन आली. पोरगी नववीत शिकते. इंग्रजीच्या गुरुजींनी एका शब्दाचा अर्थ आणि त्याचे समानार्थी शब्द लिहून आणायला सांगितले होते. शब्द होता ‘हार्डशिप’.

आता आमच्या मंडळीत इंग्रजी कोणाला येणार? तरी एक म्हातारे बोवा धीर करून म्हणाले, “हार्ड म्हंजे कठीण, अन् शिप म्हंजे जहाज. कठीण जहाज!” आम्हांस मोठा हर्ष झाला. भवसागर, त्यातली नौका, नावाडी पांडुरंग. पाऊण तासाचे कीर्तन आमच्या डोळ्यांपुढे तिथेच उभे राहिले. पण पोरगी खुदकन हसली. म्हणाली, “नाही आबा, हे शिप ते शिप नाही. फ्रेंडशिप म्हणतात ना, त्यात पण हेच शिप हाय. गुरुजी म्हणले, आपल्या ‘पण’सारखं समजा. बालपण, म्हातारपण, तसं कठीणपण.”

झाले! आमचे जहाज किनाऱ्याला लागण्याआधीच बुडाले. असो. लेकरापाशी शिकण्यात कमीपणा नाही.

मग ती म्हणाली, “आता तुम्ही आपल्यातले शब्द सांगा.” हे मात्र आमच्या हातचे होते. एकाने सांगितले कष्ट, दुसऱ्याने हाल, तिसऱ्याने त्रास. मग जाच, अडचण, संकट, विपत्ती, क्लेश, पीडा, ताप, तकलीफ, आफत, मुसीबत, हैराणी, सोसणूक, वनवास, साडेसाती, भोग. आयाबाया भिंतीकडून बोलल्या, “सासुरवास लिही गं माय.” वहीचे पान भरले. पोरीने पान न्याहाळले आणि विचारले, “आबा, हे सगळं एकच हाय का?”

आम्ही सहज म्हणून गेलो, “एकच की. दुःखाचीच नावं ती.” पोरगी वही मिटून गेली, मंडळीही पांगली. पण आम्हांस त्या रात्री झोप लागली नाही. कारण हे उत्तर चुकीचे होते, आणि या चुकीची किंमत एका माणसाने आमच्यामुळे एकदा मोजलेली होती. ती हकीकत सांगण्यासाठीच आज ही सेवा.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ज्येष्ठ महिना होता. दिंडी निघायला थोडेच दिवस उरले होते. आमच्या दिंडीत पताका घेऊन चालणारा एक शेतकरी आमच्याकडे आला. ओट्यावर बसला, पाणी प्याला, आणि खाली पाहून म्हणाला, “म्हाराज, लई टेन्शन हाय. औंदा वारी जमते का नाही, सांगता येत नाही.”

आम्हांस बोलायला आवडते. आम्ही लगेच सुरू झालो. प्रारब्धाचे भोग कोणाला चुकले? थोरामोठ्यांना चुकले नाहीत, तू आम्ही कोण? नाम घे, सगळे पांडुरंगावर सोड. अर्धा तास बोललो. तो “व्हय म्हाराज” म्हणत राहिला आणि उठून गेला. आम्हांस वाटले, याचे समाधान झाले.

आठ-दहा दिवसांनी कळले की त्याने आठवडी बाजारात बैलजोडी विकली. पेरणी तोंडावर असताना बैल विकले! गरजवंताला भाव कोण देतो? जोडी पडत्या भावात गेली. मागाहून चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. त्याच्या पीककर्जाच्या कागदावर नावातले एक अक्षर चुकले होते, म्हणून पैसे अडकले होते. कोणी लिहिता वाचता माणूस सोबत जाऊन बसला असता तर काम झाले असते. तोवर बियाण्यापुरती उसनवारी पाहिजे होती, तीही पंधरा दिवसांची. आमच्याच भजनी मंडळात एक निवृत्त गुरुजी आहेत, कागदपत्रांत हुशार. चौघांनी खिशात हात घातला असता तर बियाणे आले असते. आम्ही त्याला म्हणालो, “अरे, हे तू सांगायचं नाहीस का?” त्यावर तो बोलला ते आजही आमच्या कानात आहे. तो म्हणाला, “तुमीच भोग म्हणलात, मंग म्या आणखी कोणाला सांगू?”

सज्जनहो, त्याच्या पायात रुतला होता काटा. आम्ही त्याला सांगितले की तुझ्या नशिबात पांगळेपण आहे. काटा काढायला चिमटा आमच्याच घरात होता. त्याची अडचण आम्ही भोग म्हणून नावनिशीवार लिहून टाकली, आणि नाव चुकले म्हणून उपाय चुकला.

म्हणून आज आम्ही त्या पोरीची वही पुन्हा उघडतो आणि तिला नीट उत्तर देतो. नाही माय, हे सगळे एक नाही. कोठारात सगळे दाणे एका ढिगात पडले म्हणून गहू आणि ज्वारी एक होत नाहीत. पेरायला निघालेल्या माणसाने दाणा ओळखला पाहिजे. तद्वत दुसऱ्याच्या दुःखाला हात लावणाऱ्याने आधी त्या दुःखाचे नाव ओळखले पाहिजे.

आमच्या भागात दुःखाला इतकी नावे आली कोठून, हेही सांगतो. आमचे इस्लापूर आज किनवट तालुक्यात, नांदेड जिल्ह्यात. पण १९४८ पर्यंत इथे निजामाचे राज्य होते, आणि इस्लापूरचे सर्कल आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यात मोडत होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा हे सर्कल, किनवट तालुका आणि राजुरा तालुका तिकडून मराठी मुलखात आले. म्हणून इथे मराठीच्या जोडीला तेलुगू कानावर पडते, उर्दू पडते, गोंडी आणि बंजारा बोली पडते. प्रत्येक भाषेचा माणूस आपले दुःख आपल्या शब्दांत बांधून आणतो आणि बाजारात ते शब्द एकमेकांत मिसळतात. हाल, तकलीफ, मुसीबत, आफत, हैराण हे शब्द अरबीतून फारसी-उर्दूच्या वाटेने आले. ‘हाल’ म्हणजे मुळात नुसती अवस्था. कोणी “क्या हाल है” विचारतो, त्यातला तोच हा हाल. पण आपल्या मराठीत हाल म्हटले की वाईटच हाल! ‘हैराण’चा मूळ अर्थ चकित झालेला, काय करावे ते न सुचलेला. आपला बाप्पा उन्हातून येतो आणि म्हणतो, हैराण झालो.

शब्दाच्या पोटात शिरले की त्याचा उपायही तिथेच दडलेला दिसतो. पोरीच्या वहीत इंग्रजी शब्द होते, तेच पाहा. ‘ट्रबल’ हा शब्द म्हणे लॅटिन भाषेतल्या गढूळपणाच्या शब्दावरून आला. ट्रबल म्हणजे ढवळलेले पाणी. ‘डिझास्टर’ शब्दात तारा आहे. डिझास्टर म्हणजे वाईट ग्रहतारा. आपली साडेसाती दुसरे काय सांगते? ‘अँग्विश’ म्हणजे मनाची तडफड, पण मुळात अर्थ अरुंदपणा, कोंडी. आणि आपला संस्कृतातला ‘संकट’ शब्दही तोच. संकट म्हणजे अरुंद, चिंचोळी वाट. दोन दूरच्या देशांतल्या माणसांना दुःखात एकच गोष्ट जाणवली, की भिंती जवळ येतात आणि श्वास कोंडतो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. शास्त्रांनी ताप तीन सांगितले आहेत: आध्यात्मिक, आधिभौतिक आणि आधिदैविक. देहामनातून उठणारा, इतर प्राण्यांकडून येणारा, आणि निसर्गाच्या, दैवाच्या हातून येणारा. म्हणजे शास्त्रानेही सगळे ताप एका ढिगात टाकले नाहीत. आम्ही शास्त्री नाही. आम्ही वहीतले सगळे शब्द मनाशी घोळवले आणि आमच्यासारख्या साध्या माणसाला वापरता येतील असे चार वाटे केले. कष्ट, अडचण, जाच आणि दुःख. कष्ट उचलायचे असतात. अडचण काढायची असते. जाच थांबवायचा असतो. आणि दुःखाला सोबत करायची असते.

पहिला शब्द कष्ट. संस्कृतात कष्ट म्हणजे पीडा, वाईट अवस्था. शेजारच्या तेलुगूतही ‘कष्टम्’ म्हणजे दुःख, अडचणच. पण मराठीत नवल झाले. आपण म्हणतो, “त्याने कष्ट केले.” पीडा कोणी करील का? कष्ट मात्र करता येतात. कष्टकरी हे तर मानाचे नाव झाले. ‘मेहनत’ शब्दाचेही तेच. अरबीत त्याचा मूळ अर्थ कसोटी, यातना. आपल्याकडे मेहनत म्हणजे घाम गाळून केलेले काम. इंग्रजीत ‘ट्रॅव्हल’ म्हणजे प्रवास. तो शब्द ‘ट्रॅव्हेल’पासून निघाला, त्याचा अर्थ यातना आणि श्रम, आणि त्याचे मूळ, जाणकार सांगतात, तीन खांबांच्या एका छळयंत्राच्या नावात आहे. फ्रेंच भाषेत त्याच शब्दाचा अर्थ काम झाला, इंग्रजीत प्रवास झाला. पाहा बरे, किती मुलखांतल्या माणसांनी पीडेच्या शब्दातून काम काढले! लादली तेव्हा ती पीडा होती. आपल्या मनाने उचलली तेव्हा तिचे काम झाले, आणि पांडुरंगाकडे तोंड करून उचलली तेव्हा तिची वारी झाली.

वारकऱ्याला हे समजावून सांगायला नको. पायाला फोड येतात, पावसात राहुटी गळते, पिठात पाणी जाते. पण कोणी म्हटले की वारीत फार हाल होतात, तर आपली म्हातारी त्याला फटकारते, “हाल कायचे? वारी केली म्या!” आपल्या गंगाखेडची जनाबाई नामदेवरायांच्या घरी दळण-कांडण करत होती. परंपरा सांगते की विठ्ठल तिच्या जात्याला हात लावायला आला. जाते फिरायचे थांबले नाही, हे ध्यानात ठेवा. देवाने कष्ट काढून घेतले नाहीत, तो कष्टात भागीदार झाला.

पण सावध! कष्टाची ही थोरवी ज्याने स्वतः कष्ट उचलले त्याने सांगावी. दुसऱ्याच्या डोक्यावर ओझे ठेवून “कष्ट गोड असतात” असे म्हणणारा भागवत नव्हे.

दुसरा शब्द अडचण. जिथे अडते ती अडचण. गाडीच्या चाकाखाली दगड आला की गाडी अडते. तो दगड प्रारब्ध नसतो. खाली उतरून तो काढायचा असतो. आणि गाडीत बसलेल्याला तो निघत नसेल तर वाटेने चालणाऱ्याने काढायचा असतो. आमच्या त्या शेतकऱ्याची होती ती अडचण.

संतांनी काय केले पाहा. सतराव्या शतकात, १६३० च्या सुमारास, मोठा दुष्काळ पडला. तुकोबारायांच्या घरातला व्यापार बसला, घरातली माणसे गेली. स्वतःवर असा प्रसंग आलेला. तरी परंपरा सांगते की वडिलार्जित सावकारीतली आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडवली. कुळांना त्यांनी “भोग आहे, भोगा” असे सांगितले नाही. त्यांच्या गळ्यातला दोर ज्या कागदात होता तो कागद त्यांच्या हातात होता, म्हणून तो आधी पाण्यात सोडला. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा तर लहान मुलांनाही ठाऊक आहे. बेदरच्या बादशहाचे धान्याचे कोठार त्यांनी भुकेल्यांसाठी उघडले. कोठाराची किल्ली कमरेला ठेवून त्यांनी प्रवचन केले असते तर विठ्ठल महाराचे रूप घेऊन त्यांच्यासाठी धावला असता का? आम्हांस तरी वाटत नाही.

अलीकडचेही सांगतो. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या बाया-माणसांनी रस्त्याच्या कडेला बसून खडी फोडली. अमेरिकेतून आलेला लाल मिलो खाल्ला, कामावर सुकडी खाल्ली. आमच्यातले वडीलधारे अजून सांगतात. त्या वर्षी पाऊस कोणाच्या हातात नव्हता. पण हाताला काम देणे हे माणसांच्या हातात होते. वि. स. पागे यांच्यासारख्यांनी ते ओळखले, आणि १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. पुढे २००५ साली साऱ्या देशासाठी तसा कायदा झाला. दुष्काळाचे भय आणि कामाची अडचण ही दोन वेगळी आहेत, इतके ओळखल्याने केवढे काम झाले! तसेच एप्रिल २०१६ मध्ये लातुरात प्यायला पाणी उरले नाही, तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी आले. कृष्णाकाठचे पाणी मांजरेच्या मुलखात. पाऊस आणता येत नाही, पण पाणी नेता येते.

आता तिसरा शब्द जाच. त्रास म्हणा, छळ म्हणा. याला देणारा कोणीतरी असतो. कष्ट आपण करतो, अडचण येते, पण जाच दुसरा करतो. म्हणून जाचाला भोग म्हणणे हे सगळ्यांत मोठे पाप. कां, की त्यामुळे जाच करणारा सुटतो.

ज्ञानोबामाउली आणि त्यांची भावंडे यांना संन्याशाची पोरे म्हणून ज्यांनी वाळीत टाकले, त्यांनी त्याला शास्त्र म्हटले होते. चोखोबारायांना देवळाच्या पायरीबाहेर उभे केले, त्याला धर्म म्हटले होते. मंगळवेढ्यात गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून चोखोबा गेले. पंढरीत महाद्वारापाशी त्यांची समाधी आहे. आम्ही सगळे त्या समाधीपुढे माथा टेकवून आत जात होतो, आणि चोखोबांच्या लेकरांना मात्र शेकडो वर्षे आत जाता येत नव्हते. आम्ही त्याला काय नाव दिले होते? प्रारब्ध! मे १९४७ मध्ये साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले आणि मग ते दार सर्वांना उघडले. दार उघडले तेव्हा प्रारब्ध कोठे गेले? ते प्रारब्ध कधी नव्हतेच. तो जाच होता, आणि त्यात आमचाही हात होता. हे आमच्या संप्रदायाच्या मासिकात लिहायला आम्हांस लाज वाटत नाही. न लिहिले तर वाटेल.

घरातही हेच पाहा. सून डोळे पुसत कीर्तनाला येते. तिला सहनशीलतेचा उपदेश करण्याआधी महाराजांनी तिच्या सासूला आणि नवऱ्याला चार शब्द सुनवावेत. आयाबायांनी वहीत सासुरवास हा शब्द घातला तो उगीच नाही.

चौथा शब्द दुःख. ‘सु’ आणि ‘दुः’ यांच्यापुढचे ‘ख’ म्हणजे पोकळी, भोक. एक व्युत्पत्ती अशी सांगतात की हे ख म्हणजे चाकाच्या मध्यातले, आस बसते ते भोक. ते नीट असले की चाक सुखाने फिरते, ते बिघडले की गाडी कुरकुरते, धक्के देते. जवळचे माणूस जाते, देहाला न बरा होणारा रोग जडतो, म्हातारपण येते. इथे काढण्यासारखा दगड नसतो, थांबवण्यासारखा छळणारा नसतो, आणि कोणी हौसेने उचलावे असेही काही नसते. चाक तेच, वाट तीच, धक्के तेच. अशा वेळी वंगण तेवढे घालता येते. दुःखाचे वंगण म्हणजे सोबत.

आणि दुःखात रडणे म्हणजे भक्तीत उणेपण नव्हे. १२९६ साली आळंदीला ज्ञानोबामाउलींनी समाधी घेतली. नरसीचे आमचे नामदेवराय तिथे होते. त्यांनी तो सोहळा वर्णिला आहे आणि त्यात अश्रू लपवलेले नाहीत. ज्याच्याशी विठ्ठल बोलत होता तो भक्त रडला. मग आपण शेजाऱ्याच्या दारात जाऊन “रडू नका, आत्मा अमर आहे” असे कोणत्या तोंडाने सांगतो? इंग्रजीत सोसण्याला ‘सफर’ म्हणतात. मूळ अर्थ, खाली राहून वाहणे. उर्दूत मात्र सफर म्हणजे प्रवास. दोन्ही शब्दांचे नाते नाही, नुसता आवाज सारखा. पण पालखीला खांदा देणाऱ्याला विचारा. ओझे वाहणे आणि वाट चालणे त्याला वेगळे वाटत नाही, कारण दुसरा खांदा शेजारी असतो.

कोणी म्हणेल, महाराज, कागदावर चार वाटे सोपे आहेत, पण प्रत्यक्षात सगळे एकत्रच येते. खरे आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवा. गणपती विसर्जन करून माणसे झोपली होती. चारच्या सुमारास लातूर-धाराशिवकडची धरणी हलली. किल्लारी आणि आसपासची गावे झोपेत मातीखाली गेली, हजारो माणसे गेली. धरणी हलली ती आधिदैविक आपत्ती. पण माणसे मेली ती जाड दगडमातीच्या भिंती आणि वरचे जड माळवद अंगावर पडून. म्हणजे त्यात एक अडचणही होती, आणि ती पुढे ओळखली गेली. पुनर्वसनात भूकंपाचा धक्का सोसतील अशी घरे बांधली गेली. ज्यांची माणसे गेली त्यांचे दुःख मात्र नव्या घराने भरले नाही. तिथे सोबतच पाहिजे होती. आणि ढिगारे उपसायला जे धावले त्यांनी कष्ट उचलले. एकाच पहाटेच्या पोटात इतकी नावे होती. जो नुसते “दैव” म्हणून घरी बसला त्याने घर बांधले नाही, आणि ज्याने नुसते घर बांधले तो रडणाऱ्याजवळ बसला नाही. म्हणून वेगळे ओळखायचे, आणि ज्याला जे पाहिजे ते द्यायचे.

नाव चुकवण्याची खोड आम्हां बोलक्या माणसांनाच आहे असेही नाही. १९६३ साली महाराष्ट्रात एक कायदा झाला. सरकार शेतीच्या स्थितीवर नजर ठेवते, वेळीच मदत देते, तेव्हा दुष्काळ पडायला वावच नाही, असे म्हणून ‘फॅमिन’ हा शब्द राज्याच्या कायद्यांतून काढून टाकला गेला. त्याच्या जागी आला ‘स्केअर्सिटी’, म्हणजे टंचाई. हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. पण शब्द पुसून नऊ वर्षे झाली आणि १९७२ साल उजाडले. आभाळाने कायदा वाचला नव्हता! आम्ही अडचणीला मोठे नाव देऊन भोग केला, सरकारने दुष्काळाला लहान नाव देऊन टंचाई केली. दोन्हीकडे चूक एकच. समोरच्या माणसाच्या तोंडाकडे न पाहता नाव ठेवले.

आता ‘भोग’ या शब्दाचे काय करायचे? तो टाकून द्यायचा का? नाही. भोग शब्द मोठा खोल आहे. देवाला नैवेद्य दाखवतो तोही भोग, आणि वाट्याला येते तेही भोग. सुखदुःख दोन्ही त्यात मावतात. पण आमचे सांगणे इतकेच की हा शब्द स्वतःसाठी राखून ठेवावा. आपल्यावर प्रसंग आला, करण्यासारखे सगळे करून झाले, आता हातात काही उरले नाही, तेव्हा माणसाने देवापुढे बसून म्हणावे, हा माझा भोग, तू साक्षी. त्यात शांती आहे. तोच शब्द दुसऱ्याच्या तोंडावर फेकला की तो दगड होतो. आपल्या दुःखाला भोग म्हणावे, दुसऱ्याच्या दुःखाला आपले काम म्हणावे.

मायबापहो, आमच्या मराठवाड्यात आज लहानथोर सगळे एकच शब्द बोलतात: टेन्शन. कर्ज झाले तरी टेन्शन, लेकीचे लग्न ठरेना तरी टेन्शन, पाऊस लांबला तरी टेन्शन, दुखणे आले तरी टेन्शन. हा शब्द म्हणजे बंद पेटी आहे. आत काय आहे ते बाहेरून दिसत नाही. पुष्कळदा आतल्या माणसालाही दिसत नाही. आणि कित्येक घरांत असे झाले आहे की माणूस “टेन्शन हाय” म्हणाला, ऐकणारा “घेऊ नको” म्हणाला, आणि तो माणूस शेताकडे गेला तो परत आला नाही. आमचा पताकावाला परत आला ही पांडुरंगाची कृपा. ती आमच्या प्रवचनाची करणी नव्हे.

म्हणून पुढच्या वेळी कोणी टेन्शन म्हणाला तर त्याला आधी बसवा. पाणी द्या. आणि विचारा, “कशाचं?” तो म्हणेल, “काही नाही.” उठू नका. पुन्हा विचारा. मग ऐका. ऐकताना मनाशी पाहा, हे याने उचलायचे कष्ट आहेत का? मग पाठीवर हात ठेवा. ही अडचण आहे का? मग आपल्या मंडळात कोणाच्या हातात चिमटा आहे ते पाहा. हा कोणाचा जाच आहे का? मग चौघे मिळून त्या दारात जा. हे दुःख आहे का? मग बोलू नका, बसून राहा, आणि एकदा बसलात तर दुसऱ्या दिवशीही जा. नाम हे सगळ्यांच्या मुळाशी आहेच. पण नाम हे ऐकण्याच्या ऐवजी घ्यायचे नसते. ऐकण्याचे बळ यावे म्हणून घ्यायचे असते.

आमच्या मंडळाने तेव्हापासून एक नेम केला आहे. हरिपाठ झाला की लगेच उठायचे नाही. पाव घटका बसायचे. कोणी काही सांगितले तर ऐकायचे, न सांगितले तर गप्प बसायचे. निवृत्त गुरुजी चष्मा आणि पेन घेऊन येतात. आजवर किती कागद दुरुस्त झाले ते मोजलेले नाही. तो शेतकरीही असतो. त्याची बैलजोडी मात्र पुन्हा झाली नाही. भाड्याच्या ट्रॅक्टरने पेरतो. आम्ही त्याच्यापुढे प्रवचन करीत नाही. पताका त्याच्याच हातात असते आणि आम्ही त्याच्या मागे चालतो.

इस्लापूरजवळ पैनगंगेवर सहस्रकुंडाचा धबधबा आहे, पुष्कळांनी पाहिला असेल. आषाढात नदी गढूळ होऊन काळ्या खडकावरून कोसळते. पलीकडे यवतमाळ जिल्हा, मध्ये नुसता लाल धुरळा पाण्याचा. त्या वेळी ओंजळीत पाणी घेतले तर त्यात काय आहे ते कळत नाही. तेच पाणी घरी आणून घागरीत स्थिर ठेवले की गाळ खाली बसतो आणि वर नितळ पाणी येते. दुःखी माणसाचे मन आषाढातली नदी आहे. ते आणखी ढवळू नये. जवळ बसावे, स्थिर बसावे. मग त्याचे त्यालाच दिसते की तळाशी काय आहे.

आणि त्या पोरीचे सांगायचे राहिले. दुसऱ्या दिवशी आम्ही तिला बोलावून म्हणालो, “माय, कालचं उत्तर खोड. ते एक नाही.” ती म्हणाली, “मग शेवटी काय लिहू?” आम्ही म्हणालो, “तुझ्याच गुरुजींनी सांगितलं ते लिही. हार्डशिपमध्ये जे शिप हाय तेच फ्रेंडशिपमध्ये हाय. एकाचं कठीणपण दिसलं, की दुसऱ्यानं आपलं मित्रपण तिथं न्यावं.” तिने ते लिहिले की नाही, आणि गुरुजींनी किती गुण दिले, हे आम्ही विचारले नाही. आमच्यापुरता तो धडा पुरला.

चुकले माकले संतांनी पदरात घ्यावे. पुंडलिकवरदे हरि विठ्ठल!